हवामानाच्या आजोबांचा निरोप

काटकसरीची कात्री चालता चालता त्या छोट्या रेडिओ केंद्रात निवेदिका तेवढी उरली. गाणी तीच लावायची, बातम्या तीच वाचायची, आणि दुपारी घसा जड करून, खोकत खोकत, हवामान सांगणारे आजोबाही तीच व्हायची. तो आवाज तिच्या वारलेल्या वडिलांचा होता, खोकल्यासकट.

नव्या साहेबांनी केंद्र फक्त ऐकलं होतं, पाहिलं नव्हतं. त्यांचा फोन आला, "बाई, दोन माणसं परवडत नाहीत. म्हाताऱ्याला घरी पाठवा."

वडिलांना दुसऱ्यांदा निरोप द्यायचा होता. तरी तिने माईकसमोर विचारलं, "आजोबा, आता काय करणार?"

"काय करणार, पोरी? आभाळ बघत बसणार. पगार नसला तरी ते दिसतंच की."

एवढं बोलून आजोबा खोकले, आणि गावाने फोन करकरून साहेबांचे कान किटवले.

संध्याकाळी साहेब नरमले. "म्हातारा राहू दे. मग बाई, तुम्हीच उद्यापासून येऊ नका."

सकाळी आजोबांनी खोकत खोकत बातम्या वाचल्या, गाणी लावली आणि मधेच उसासा टाकून ते म्हणाले, "पोरगी गेली हो. गुणाची होती, अगदी माझ्याच वळणावर गेलेली."