दहा मिनिटे पुढे नेलेला काटा

मी एक जुने गजराचे घड्याळ आहे. ज्या वर्षी या घरातल्या मुलाला बस चालवायची नोकरी लागली आणि त्याच वर्षी त्याचे लग्न झाले, त्या वर्षी मी इथे आलो. लग्नात भांडी पुष्कळ आली होती. पण पहाटेची पहिली गाडी काढणाऱ्या माणसाला भांडी उठवत नाहीत, म्हणून मला विकत आणावे लागले.

मित्रांनो, माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथल्या एका बाईने श्वास रोखून चिमट्याने माझ्या पोटात केसासारखी बारीक स्प्रिंग बसवली. डोक्यावर दोन घंट्या, मधे हातोडी आणि पाठीवर दोन किल्ल्या, एक चालण्याची आणि एक ओरडण्याची. मला विकताना दुकानदाराने एवढेच बजावले होते, "काटा पुढे फिरवा, उलटा कधी फिरवू नका. गजर बिघडतो."

तीन वर्षे मी रोज पहाटे चारला ओरडलो. ड्रायव्हर माझ्या डोक्यावर थाप मारून म्हणायचा, "हा माझा खरा साहेब!" मग चिमी जन्मली, आणि माझ्याआधीच घर उठू लागले.

चिमी सात महिन्यांची झाली तरी तासा-दीड तासाने जागी व्हायची आणि मांडीवर घेतल्याशिवाय झोपायची नाही. एक दिवस ड्रायव्हर कामावरून आला तो बूटही न काढता खाली बसला.

"आज लाल दिव्याला डोळा लागला माझा. मागच्यानं हॉर्न मारला म्हणून जाग आली. चालत्या गाडीत लागला असता तर? चाळीस माणसं होती मागं!"

त्याच्या कंडक्टरने त्याला उपाय सांगितला होता. आठ वाजता मुलीला जागेपणीच अंथरुणावर ठेवायचे आणि दार ओढून बाहेर यायचे. रडली तर पहिले दोन दिवस पाच मिनिटे थांबायचे, पुढचे दोन दिवस दहा, मग पंधरा. आत जाऊन थोपटायचे, पण उचलायचे नाही.

"ते लेकरू आहे, तुमची बस नाही घंटी मारली की थांबायला," चिमीची आई म्हणाली.

"थांबत नाही म्हणूनच शिकवायचं."

"आणि पोटात दुखत असलं म्हणजे? तिला सांगता येतंय का?"

कपड्यांच्या घड्या घालणाऱ्या तिच्या सासूबाई म्हणाल्या, "याला मी सहा वर्षं कुशीत घेऊन झोपवलं. बघ, अजून ढोल वाजवल्याशिवाय उठत नाही!" त्या कोणाच्या बाजूने बोलल्या, ते दोघांनाही कळले नाही.

शेवटी मला पंच नेमले. संध्याकाळी आठला मी स्वयंपाकघराच्या फळीवर आणि समोर ड्रायव्हर. दाराआड चिमीचे रडणे आधी हट्टाचे असे, मग केविलवाणे होई, मग मधेच थांबे. ते थांबले की तिच्या आईचा जीव जास्तच वरखाली होई. "गप्प का झाली? श्वास घेते ना?" पुन्हा रडू आले की तिला हायसे वाटे, आणि हायसे वाटल्याची तिलाच लाज वाटे.

पाच मिनिटे निभावली. दहाही कशीबशी निभावली. पंधराच्या पहिल्या दिवशी चिमीची आई उठली, "किल्ली द्यायची राहिली" म्हणून मला हातात घेतले आणि पाठमोरी होऊन माझा काटा दहा मिनिटे पुढे नेला.

"झाली पंधरा!" म्हणत ती आत धावली.

मी त्याआधी कधी खोटे बोललो नव्हतो. चिमी झोपल्यावर तिने गुपचूप माझा काटा मागे फिरवला. माझ्या पोटात काहीतरी करकरले. मग हे रोजचेच झाले.

एका संध्याकाळी गोंधळ झाला. तिने काटा मागे घेतला आणि तेवढ्यात दूध उतू गेले. ती धावली, शेगडी पुसली, ओटा धुतला. झोपायला जाताना तिला वाटले, काटा राहिलाच! तिने तो पुन्हा दहा मिनिटे मागे नेला.

सकाळी ती चहा गाळत होती. रेडिओवर सहाच्या बातम्या लागल्या. तिने माझ्याकडे पाहिले. मी सहाला दहा कमी दाखवत होतो.

गाळणे तिच्या हातातच राहिले. नवरा उशिरा पोचला असणार. वेळ भरून काढायला गाडी दामटणार. आणि डोळ्यांत झोप. घरी फोन नव्हता, कोणाला विचारायची सोय नव्हती. चिमीला कडेवर घेऊन ती खिडकी आणि दार यांच्यामधे फेऱ्या घालत राहिली. बाहेर ब्रेक करकचला की दचकायची.

"बस गं जरा," सासूबाई म्हणाल्या. "काही झालं असतं तर एव्हाना कळलं असतं. वाईट बातमी चप्पल घालायलासुद्धा थांबत नाही." पण त्यांच्याही हातातल्या टॉवेलची घडी चारदा मोडली.

दुपारी अडीचला जिन्यावर बूट वाजले.

"हजेरी हुकली," ड्रायव्हर म्हणाला. "गाडी दुसऱ्यानं नेली. दिवसभर बाकावर बसवून ठेवलं मला."

ती दाराला टेकून रडू लागली. रडत रडतच तिने सगळे सांगितले. तो पाणी प्यायला. तांब्या खाली ठेवला.

"मला माहीत होतं."

"काय?"

"अगं, एका थांब्यापासून दुसऱ्या थांब्यापर्यंत मी मनात मिनिटं मोजतो. पंधरा मिनिटं किती असतात ते मला कळत नाही होय? पहिल्याच दिवशी कळलं."

"मग बोलला का नाहीत?"

त्याने चिमीच्या खोलीकडे पाहिले. "मला तरी कुठं पंधरा ऐकवत होती?" मग बूट काढत म्हणाला, "पण झोप मला पाहिजेच. ते काही खोटं नव्हतं."

त्या संध्याकाळी मला फळीवरून उतरवले. पुढे दोघांपैकी एकजण चिमीजवळ पोटावर हात ठेवून बसू लागला. कुरकुरली तर कुरकुरू द्यायचे, जिवाने रडली तर उचलायचे. ड्रायव्हर आठवड्यातले चार दिवस आपल्या आईच्या खोलीत झोपू लागला. चिमी नीट झोपायला चार महिने लागले. कंडक्टरचा उपाय आठवड्यात लागू पडला असता का, मला ठाऊक नाही. त्यांनाही कधी कळले नाही, आणि त्यावर ते पुढे वीस वर्षे भांडले.

माझा गजर त्यानंतर बेभरवशाचा झाला. नवे घड्याळ आले. मी कपाटात धूळ खात पडलो.

मित्रांनो, तुमच्या घरीही तुम्हाला कधी रडू दिले असेल किंवा कधीच दिले नसेल. दाराबाहेर कोणीतरी मिनिटे मोजत उभे होते, एवढे मात्र मी सांगतो. ज्यांची झोप तुमच्यापायी मोडली, त्यांना दुपारी घटकाभर पडू द्या. त्यांच्या खोलीचे दार हळू लावा.

चिमीचे बाबा गेल्या वर्षी थंडीच्या सुरुवातीला, एका मंगळवारी दुपारी गेले. चिमीचे बाळ तेव्हा अकरा आठवड्यांचे होते, आणि आता रात्री जागायची पाळी तिची होती.