तीन लाल फुल्या

समज, तुझ्या हातात अंगठ्याएवढी काचेची बाटली आहे. आत पाण्यासारखं स्वच्छ औषध. समोर दिवा आणि एक पाटी, अर्धी पांढरी, अर्धी काळी. बाटली मानेला धरून गरकन फिरव आणि थांबव. बाटली थांबली, पण आतलं औषध अजून फिरतंय, दिसलं? त्यात कण असेल तर तोही फिरेल. काळा कण पांढऱ्या पाटीपुढे दिसतो, पांढरा कण काळ्या पाटीपुढे. मनात पाचपर्यंत आकडे मोज आणि ठरव, ही बाटली पुढे जाऊ द्यायची की बाजूला काढायची. हे औषध सुईतून कुणाच्या तरी अंगात जाणार आहे, तेवढं ध्यानात ठेव. ठरवलंस? आता पुढची घे. अशा दिवसाला दोन हजार.

मिचीची आई हे काम करायची, आणि अकरा वर्षांत तिच्या नजरेतून कण सुटला नव्हता.

मिची हे काही मुलीचं खरं नाव नव्हे. लहानपणी ती लांबचं बघताना डोळे बारीक करायची, म्हणून मावशीने तिला मिचमिची म्हटलं. पुढे चष्मा लागला, डोळे बारीक करणं थांबलं, नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच. जाड भिंगांचा चष्मा त्यांच्या घरात पिढीजात होता. आईला होता, मावशीला तर आईहून जाड. बाहेर लोक हसायचे, पण तपासणीच्या खोलीत याच गोष्टीचा मान होता. ज्यांना लांबचं धूसर दिसतं, त्यांना चष्मा काढून जवळ धरलेली वस्तू फार बारीक दिसते. आई आणि मावशी चष्मा कपाळावर चढवून बाटली नाकापाशी धरत, आणि दुसऱ्या बायकांना भिंगातूनही न दिसणारा कण पकडत. आपला अधू डोळा हीच आपली कमाई, असं दोघी बहिणी म्हणायच्या.

मावशी त्या खोलीची मुकादम. बायका पाठीमागे तिला घार म्हणत. बाजूला काढलेली प्रत्येक बाटली पुन्हा तिच्या हाताखालून जाई. बाटली खरोखर स्वच्छ निघाली आणि असं दिवसात फार वेळा झालं, तर दाराशी टेबलावर ठेवलेल्या वहीत त्या बाईच्या नावापुढे लाल फुली पडे. महिन्यात तीन फुल्या झाल्या की मोठ्या बाई, म्हणजे कारखान्याच्या व्यवस्थापक, तिला त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवत. वहीत एकदा पडलेली फुली खोडायची परवानगी कुणालाच नव्हती, खुद्द मोठ्या बाईंनाही नाही. औषधाच्या कारखान्यात लिहिलेलं खोडत नाहीत. महिना संपला की नवं पान, कोरं.

नियम तसा चांगला होता, पण बायका तिसऱ्या फुलीला यमासारख्या भ्यायच्या. डॉक्टरांकडे गेलेल्या बाईची खुर्ची दुसरी पटकवायची, आणि ती परतली की रिकाम्या बाटल्या धुवायच्या विभागात, वाफेत आणि पाण्यात उभी. मावशीच्या नावापुढची ओळ मात्र सदा रिकामी. तिने काढलेल्या बाटल्या तपासणार कोण?

एका शुक्रवारी शाळा सुटल्यावर मिची आईचा डबा घेऊन गेली. नेहमीसारखी ती बाहेरच्या बाकावर बसून काचेतून बघत होती. आईने कानाजवळून हात झटकला, माशी हाकलावी तसा. पुन्हा झटकला. त्या खोलीत माशी शिरणं शक्यच नव्हतं, तिथली हवासुद्धा गाळून घेतलेली असे. मग आईने बाटली फिरवली, बघितली आणि बाजूला काढली. पुढचीही काढली. त्याच्या पुढचीही.

मावशीने तो ट्रे उचलला, एकेक बाटली दिव्यापुढे धरली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "बाईसाहेबांना आता हवेतही कण दिसायला लागलेत. उद्या चंद्रावरचा डाग बाजूला काढतील."

बायका हसल्या. घार हसली की हसायचं, अशी रीतच होती. आई बाटल्यांकडे बघत राहिली. शुक्रवारी एक फुली पडली, शनिवारी दुसरी. शनिवारी मावशीने आईला उभं करून एक बाटली हातात दिली आणि कण कुठे आहे तो बोटाने दाखवायला लावला. आईने बोट ठेवलं. बोट ठेवलं तिथून कण सरकला, दुसरीकडे ठेवलं, तिथूनही सरकला. बायका पोट धरून हसल्या. ती बाटली नुसत्या पाण्याची होती आणि कोरी स्वच्छ होती. सख्ख्या बहिणीने मुद्दाम भरून आणली होती.

रविवारी आई घरी होती. मिचीने शनिवारी ते सगळं काचेतून पाहिलं होतं आणि त्यावर विचारही केला होता. बोट ठेवलं की सरकणारा कण बाटलीत कसा असेल? तिने आईला पलंगावर बसवलं. समोरची भिंत नुकतीच चुन्याने रंगवलेली, पांढरीफेक.

काय दिसतं, तिने विचारलं. आई म्हणाली, कोळ्याचं जाळं, आणि कुणी मिरपूड उधळावी तसे ठिपके. मिचीने भिंतीवरून हात फिरवला. भिंत कोरी होती. मग तिने आईला डावा डोळा झाकायला सांगितला, ठिपके होते. उजवा झाकायला सांगितला, ठिपके गेले. डावा पुन्हा झाकून उजवा डोळा इकडे तिकडे फिरवायला लावला, तर ठिपके डोळ्यामागोमाग झोके घेत गेले.

"आई, कण बाटलीत नाही. तुझ्या उजव्या डोळ्यात आहे."

आई तीन दिवसांत पहिल्यांदा हसली. तिने मिचीचं डोकं पोटाशी धरलं. माझी शहाणी पोर, म्हणाली, त्या घारीला जे कळलं नाही ते तुला कळलं. मिचीने विचारलं, मग आता डॉक्टरांकडे जायचं ना? अंधारात डोळ्याच्या कडेला काडी ओढल्यासारखा उजेड चमकतो, असंही तू काल म्हणालीस. आई म्हणाली, महिना संपायला अकरा दिवस आहेत. नवं पान लागू दे, मग जाऊ.

इथे जरा थांब, बाळा. तूही कधी आभाळाकडे बघशील आणि डोळ्यापुढून एखादा धागा, एखादा ठिपका तरंगत जाईल. घाबरू नकोस, असा एखाददुसरा पाहुणा पुष्कळांच्या डोळ्यांत वर्षानुवर्षं राहतो आणि काही बिघडवत नाही. पण पाहुण्यांची अचानक झुंड आली, डोळ्याच्या कडेला वीज चमकू लागली, किंवा एका बाजूने पडदा ओढल्यासारखं झालं, तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं. उद्या नाही, परीक्षा झाल्यावर नाही. त्याच दिवशी. मिचीला हे ठाऊक नव्हतं, आईलाही नव्हतं. ठाऊक नसणं हा गुन्हा नाही, पण डोळा ती सबब ऐकून घेत नाही.

सोमवारपासून आई पुन्हा पहिल्यासारखी काम करू लागली. युक्ती सोपी होती. बाटली थांबवल्यावर जो कण औषधाबरोबर फिरेल तो बाटलीचा, जो डोळ्याबरोबर फिरेल तो आपला. आपला सोडून द्यायचा. मावशीने मुद्दाम कण घातलेल्या खुणेच्या बाटल्या गुपचूप मिसळून पाहिल्या, आईने सगळ्या पकडल्या. फुली पडेना. मावशीचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं झालं. बाकावर बसलेल्या मिचीची छाती मात्र फुगायची. ही युक्ती तिची होती. तिच्यामुळे आईची खुर्ची वाचली होती.

आठव्या दिवशी आईने बाटली धरली, तर बाटलीची खालची बाजूच दिसेना. तिने बाटली वर घेतली. जरा वेळाने वरचीही दिसेना. जेवणाच्या सुट्टीत मिची आली तेव्हा आई भिंतीला हात लावत बाहेर येत होती.

डॉक्टरीणबाई वयाने लहान आणि बोलायला सरळ होत्या. डोळ्यात थेंब घालून, बाहुली मोठी करून त्यांनी आत बघितलं आणि समजावून सांगितलं. डोळ्याच्या आत मागच्या बाजूला पातळ कागदासारखा एक पडदा असतो, त्यावर चित्र उमटतं. जाड नंबरवाल्यांचा डोळा लांबट असतो, म्हणून त्यांचा पडदा ताणलेला असतो. तो एके ठिकाणी फाटला होता. ठिपके आणि चमक, ही त्याचीच वर्दी होती. मग फटीतून पाणी पडद्यामागे शिरलं, आणि ओल्या भिंतीवरचा कागद सुटावा तसा पडदा सुटत गेला.

आईने विचारलं, मागच्या आठवड्यात आले असते तर?

"ठिपके दिसायला लागले तेव्हाच आला असतात तर किरणांनी फट बुजवली असती. दहा मिनिटांचं काम. आता शस्त्रक्रिया करू. सावल्या दिसतील. बाटलीतला कण या डोळ्याला पुन्हा दिसणार नाही."

मग त्यांनी मिचीचे डोळे तपासले, ठीक होते, पण दरवर्षी यायला बजावलं. आणि विचारलं, सख्ख्या नात्यात इतक्या जाड नंबरचा आणखी कुणी आहे का, असेल तर त्यांनाही दाखवायला आणा.

मिचीने आईकडे पाहिलं. आई म्हणाली, "नाही. आम्ही दोघीच."

शस्त्रक्रियेत डोळ्यात हवेचा फुगा भरला होता. फुग्याने पडदा जागेवर दाबून धरावा म्हणून आईला आठवडाभर तोंड खाली करून राहायचं होतं. स्टुलावर बसून, कपाळ उशीवर टेकून, दिवसभर जमिनीकडे बघत. मिची जमिनीवर चटई टाकून पडायची, म्हणजे आईला तिचा चेहरा दिसेल. पेल्यात नळी घालून पाणी द्यायची.

दुसऱ्या दिवशी आई जमिनीकडे बघत, शांतपणे म्हणाली, "भिंत दाखवायला तुला कुणी सांगितलं होतं? तू गप्प राहिली असतीस तर सोमवारी तिसरी फुली पडली असती. मोठ्या बाईंनीच मला डॉक्टरांकडे धाडलं असतं."

मिचीने हा हिशेब आधीच केला होता. तरी आईच्या तोंडून ऐकल्यावर तिने तोंड फिरवलं. पण पुन्हा आईकडे तोंड करून पडली, कारण आईला बघायला दुसरं काही नव्हतं.

चौथ्या दिवशी दुपारी मावशी आली. दोनच्या पाळीला जाता जाता. ती खुर्चीवर टेकली आणि म्हणाली की कारखान्यात आईच्या जागी नवी मुलगी बसवली आहे, डोळे चांगले आहेत हो तिचे. एका डोळ्याने बाटल्या धुता येतात, काळजी करू नकोस. आणि तुला म्हणे डोळ्यात फुगा भरलाय, तुला लहानपणापासून फुग्यांची हौसच फार.

मावशी बोलता बोलता थांबली. तिने कानाजवळून हात झटकला. मग पुन्हा झटकला.

"केवढ्या माश्या झाल्यात गं तुझ्या घरात," ती म्हणाली. "आणि तो दिवा बघून घ्या, कडेला सारखा चमकतोय."

खिडक्यांना जाळ्या होत्या. घरात एकही माशी नव्हती. दिवा तर लावलेलाच नव्हता.

चटईवर पडलेल्या मिचीला आईचा चेहरा खालून दिसत होता. तो चेहरा हळूहळू हसला. त्या रविवारी हसला होता तसा नाही.

"हो ताई," आई जमिनीकडे बघत म्हणाली. "फार माश्या झाल्यात." आणि तिने हात खाली सोडून मिचीचं मनगट पकडलं, घट्ट, शिरा दुखतील इतकं घट्ट.

मावशी उठली, चपला घातल्या आणि गेली. मिची पडून राहिली. तिला पाण्याची बाटली आठवली, आणि पोट धरून हसणाऱ्या बायका. गप्प राहायला काहीच लागत नव्हतं. मागे धावून मावशीला भिंत दाखवावी, तर तिचं काय होणार तेही मिचीला पक्कं ठाऊक होतं. मावशी भिंतीकडे बघेल, हुशार आहे हो पोर, म्हणेल, आणि आपले कण कोणते, बाटलीचे कोणते, ते शिकून घेऊन खुर्चीवर जाऊन बसेल.

मिचीने मनगट सोडवून घेतलं. आईला मान वर करता येत नव्हती.

मावशी मोठ्या रस्त्याने जायची, मिचीला मधली गल्ली माहीत होती. ती पोचली तेव्हा बायका बाकांवर बसून डोक्याला टोप्या बांधत होत्या. दाराशी टेबलामागे मोठ्या बाई उभ्या होत्या, पुढ्यात वही उघडी. आई कशी आहे, त्यांनी विचारलं. मावशी फाटकातून आत येत होती, कानाजवळून हात झटकत.

मिचीने टेबलावरचं लाल पेन उचललं, पानावरची पहिली ओळ शोधली, आणि मावशीच्या नावापुढे, जिथे कधीच काही नसायचं तिथे, एकापुढे एक तीन फुल्या मारल्या.