हिरव्या छत्रीचा साक्षात्कार

"डोळे मिटले की मला सगळं दिसतंय!" त्रिकालबाबा माइकवर गरजले आणि चांदवडजवळच्या त्या गावाने श्वास रोखला. "सात वर्षांपूर्वी पुंजा घरातून निघाला. अंगात पांढरा सदरा... हातात... हातात हिरवी छत्री!"

"अगं बाई, खरंच की!" पुंजाची बायको भिमाबाई हुंदका देत ओरडली. टाळ्या, जयजयकार, नुसता गदारोळ. मग बाबांचं बोट फिरलं ते थेट तिच्या जावेवर, लंकाबाईवर. "हिने करणी केली! ही आज गावाबाहेर गेली, तरच पुंजा परतेल."

लंकाबाईचं गाठोडं कुणीतरी आधीच पारावर आणून टाकलं होतं.

गर्दीच्या मागे निवृत्ती पगारे दातओठ खात उभा होता. नाशिकच्या एका वर्तमानपत्रात वीस वर्षं त्याने गुन्ह्यांच्या बातम्या दिल्या, पुंजा हरवल्याचीही त्यानेच दिली. आता नोकरी सोडून लेखक झाला होता. न सुटलेल्या प्रकरणांवरचं पहिलं पुस्तक नुकतंच आलं होतं. लंकाबाईच्या लेकीने, सायलीने, सकाळी रडत फोन केला म्हणून तो मोटारसायकल दामटत आला. छत्री ऐकताच त्याने टाचा उंचावून पुढे पाहिलं. बाबांपुढे माइक धरणारा तो दाढीवाला कोण? अरे, हा तर योगेश! महिन्यापूर्वी पुस्तक प्रदर्शनात यानेच सही घेऊन पुस्तक नेलं होतं.

छत्रीचं खरं काय ते निवृत्तीला एकट्यालाच ठाऊक होतं. प्रकाशक म्हणाले होते, "प्रकरण कोरडं वाटतंय, जरा रंग भरा." आणि ज्याने बातमीत पदरचा कानामात्राही कधी घातला नाही, त्याने ती छत्री मनाने रचून पुंजाच्या हातात दिली होती. हे चारचौघांत सांगायचं म्हणजे आपल्याच पुस्तकाला आपणच काडी लावायची. तिकडे लंकाबाई खाली मान घालून गाठोड्याची गाठ आवळत होती. चुलीत जावो ते पुस्तक!

तो पुढे घुसला. "भिमाबाई, ती छत्री कधी घेतली होती हो?"

"कधी म्हंजे..." ती अडखळली. "आमच्या घरात छत्री व्हतीच कुठं? पावसात ते गोणीची खोळ घ्यायचे."

"मग आत्ता 'खरंच की' का म्हणालात?"

"बाबांनी सांगितलं, मंग मलाबी दिसाया लागली."

"नास्तिक! भस्म होशील!" बाबा कडाडले.

"खुशाल करा. आधी हे ऐका." निवृत्तीने पिशवीतून पुस्तक काढून वाचलं, "'अंगात पांढरा सदरा, हातात हिरवी छत्री.' पान ब्याण्णव. तुमच्या योगेशने माझ्याकडूनच नेलंय. आणि लोकहो, ही छत्री खोटी आहे. मी रचली. चूक माझी. पण जी छत्री नव्हतीच, ती बाबांच्या दिव्यदृष्टीला दिसली कशी?"

योगेश माइक ठेवून गाडीकडे निघाला. बाबांना एकाएकी तहान लागली.

"पण मंग," म्हातारा फकिरा म्हणाला, "खरी करणी कुनी केली?"

निवृत्तीने कपाळावर हात मारून घेतला. "अहो, करणी नसतेच! पुंजा कुठे गेला हे मला माहीत नाही, पोलिसांना नाही, या बाबांना तर नाहीच नाही. माहीत नाही म्हणायला शिका की! माझ्या छापलेल्या ओळीलाही पुरावा मागा. मग यांच्या मिटल्या डोळ्यांना का मागत नाही?"

भिमाबाई उठली आणि तिने लंकाबाईचं गाठोडं आपल्या काखेत मारलं.

"चल घरी," ती म्हणाली. "सात वर्सं दोघींनी मिळून वाट पाह्यली. तुला घालवून मी एकली कशी पाहू?"