त्सोर्नडॉर्फची शेवटची पेटी

पालथ्या पडलेल्या रशियन शिपायाचं वजन पाच पूर्णांक नऊ ग्रॅम भरलं. शुभदाने त्याला काट्यावरून उचललं, आकडा शून्यावर येऊ दिला आणि पुन्हा ठेवलं. पाच पूर्णांक नऊच. जानेवारीत याच साच्यातून निघालेला नमुना पाच पूर्णांक एक होता. साचा तोच, आकार तोच. म्हणजे बदलला होता तो धातू. कथलात त्याहून जड शिसं मिसळलेलं होतं.

हे तिला आज कळलं नव्हतं. जुलैपासून माहीत होतं, आणि तरीही ‘शिसेविरहित’ असं छापलेल्या चार प्रमाणपत्रांवर तिने सही केली होती. पाचवं समोर होतं.

मोशीतल्या या शेडमध्ये बोटाच्या पेराएवढे सैनिक ओतले जात, रंगवले जात आणि जर्मनीतल्या एका संग्रहालयाकडे रवाना होत. त्या संग्रहालयाला १७५८ सालची त्सोर्नडॉर्फची लढाई मांडायची होती. एका बाजूला प्रशियाचा राजा, दुसऱ्या बाजूला रशियन फौज. आजची शेवटची पेटी नुसत्या मेलेल्यांची होती. ओल्या रंगावर धूळ बसते म्हणून सगळ्या खिडक्या चिकटपट्टीने बंद केलेल्या. भट्टीही त्याच खोलीत, पत्र्याच्या आडोशामागे.

“बाई, आज लई मढी हायेत,” छबूबाई म्हणाली. मोशी गावठाणातल्या छबूबाईकडे लाल रंगाचं काम होतं. सकाळपासून ती एकेका शिपायाला जखमा देत होती. “पर ह्यात जिंकलं कोन, त्ये सांगा की.”

“कुणीच नाही. एका दिवसात दोन्हीकडची मिळून तीसेक हजार माणसं पडली. दुसऱ्या दिवशी फौजा समोरासमोर नुसत्या उभ्या राहिल्या. पुढे जायची ताकद कुणातच नव्हती. मग दोघांनीही आपणच जिंकलो म्हणून जाहीर केलं.”

“आमच्या सोसायटीच्या विलेक्शनवानी!”

आडोशामागून हसू आलं. ते इंदुताईंचं. लातूरकडच्या इंदुताई पाच वर्षं इथे भट्टीवर होत्या. “आन् त्ये रशियावाले पळून का गेले नाईत वो?”

“जाणार कुठे? मागे नदी आणि दलदल. नदीवरचे पूल राजाने आधीच तोडून टाकले होते. धूळ आणि धूर तर इतका, की मागच्या रांगेने आपल्याच पुढच्या रांगेवर गोळ्या घातल्या.”

“मंग शूर कसले? अडकल्याले म्हना,” छबूबाई म्हणाली आणि तिने पुढचा शिपाई घेतला.

शुभदाने लेखणीचं टोपण काढलं, परत लावलं. चिंचवडची प्रयोगशाळा बंद पडली तेव्हा ती सत्तेचाळीस वर्षांची होती. वर्षभर कुणी दारात उभं केलं नाही. या शेडचे मालक अर्जुनराव तेवढे म्हणाले होते, “ताई, तुमच्यासारखं माणूस मला परवडायचं नाही, पण या.” जुलैत तिने त्यांना वजनाचे आकडे दाखवले, तेव्हा त्यांनी लपवलं काहीच नाही. नुसत्या कथलाने साच्यातल्या बारीक संगिनी भरत नाहीत, निम्मा माल मोडतो. म्हणून भंगारातलं शिसं असलेलं जुनं सोल्डर घालतो, म्हणाले. “मी वीस वर्षं शिशात हात घातलेत. काय झालंय मला?”

तिला बरंच बोलता आलं असतं. तिने सही केली होती.

इंदुताई ट्रे घेऊन आल्या. उजवं मनगट खाली लोंबत होतं, म्हणून ट्रे कोपरावर पेललेला. “पोटात लई पिळवटतंय, ताई. डॉक्टर म्हनतो ॲसिडिटी. आन् ह्या हातात जोरच ऱ्हायला नाई बघा. काल पोळपाट निसटला.”

एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षात विषारी धातूंचा एक तास झाला होता. शिसं अंगात भिनल्याची लक्षणं: पोटात पिळवट, लोंबणारं मनगट. खात्री करायला रक्ताची एक कुपी पुरेशी होती. ती कुपी भरायला सांगायची म्हणजे कारण सांगावं लागणार होतं.

अर्जुनराव आत आले. “ताई, टेम्पो उभा आहे. झाली सही?”

“धातू तोच आहे, अर्जुनराव.”

त्यांनी आवाज खाली आणला. “एवढी शेवटची पेटी. पुढच्या ऑर्डरला चोख कथील आणू.”

“जुलैतही हेच म्हणाला होतात.”

“मग काय करू? माल परत आला तर शेडला कुलूप. अकरा बाया आहेत. सगळ्यात आधी घरी बसतील त्या ह्याच.” त्यांनी इंदुताईंकडे मान केली.

हा हिशेब शुभदा पुनावळ्याहून येताना रोज बसमध्ये मांडायची आणि रोज तिथेच थांबायची. इंदुताईंचं घर या भट्टीवर चालत होतं.

ट्रेमधला एक सैनिक घरंगळून फरशीवर पडला. इंदुताई वाकल्या. बोटं त्याच्यापर्यंत पोचली, पण मिटेनात. त्यांनी दोनदा प्रयत्न केला, मग ओशाळून हसल्या. “मेला बी हाती लागंना झालाय.”

शुभदा खुर्चीवरून उठली. अर्जुनरावांकडे न बघता ती इंदुताईंसमोर जाऊन उभी राहिली.

“इंदुताई, भट्टी विझवा. या धातूत शिसं आहे, तुमचा हात बहुतेक त्यानेच गेलाय, आणि मला हे जुलैपासून माहीत होतं. मी सही करणार नाही.”