पाठीवरचा आकडा

सासूबाईंनी शेवटची रेघ ओलांडली, चार पावलं चालल्या आणि गुडघ्यांवर बसल्या. मग आडव्याच झाल्या. बाळाला कडेवर घेऊन मी धावत गेले तेव्हा त्यांचे ओठ पांढरे पडले होते. डोळे माझ्याकडे होते, पण मला बघत नव्हते. मी हाक मारली. दुसऱ्या हाकेला त्या म्हणाल्या, "कितवी?"

"आई, आधी पाणी घ्या."

"पाणी कुठे पळून जातंय? कितवी आले?"

चौथ्या आल्या होत्या. मी सांगितलं नाही. शेजारून कोणीतरी सांगितलं आणि त्यांनी डोळे मिटून घेतले. मला वाटलं, झालं. मी त्यांच्या नाकाखाली बोट धरलं, बाळ झोपल्यावर धरते तसं. श्वास चालू होता. त्या रागावल्या होत्या फक्त.

सासूबाई तरुणपणी देशाकडून धावत. आठशे मीटर, म्हणजे मैदानाला दोन फेऱ्या. बरोबरीच्या मुली त्यांना 'घाई' म्हणत, कारण बंदूक वाजल्यापासून त्या पुढे असत आणि शेवटपर्यंत पुढेच राहत. मग लग्न, टेलिफोन ऑफिसातली नोकरी, माझा नवरा, गुडघे. निवृत्त झाल्यावर त्यांच्या कानावर आलं की ज्येष्ठांच्या स्पर्धांत दर पाच वर्षांचा एक गट असतो. म्हणजे साठाव्या वाढदिवशी बाई आपल्या गटात सगळ्यांत तरुण! "जगात एवढी एकच जागा आहे," त्या म्हणाल्या, "जिथे साठी उलटल्यावर माणूस लहान होतं." दुसऱ्या दिवशी जाऊन बूट घेऊन आल्या.

या स्पर्धांत छातीवर एक कापडी नंबर असतो आणि पाठीवर दुसरा. पाठीवरचा आकडा वयोगटाचा. बायका थोड्या, त्यामुळे पंचेचाळीसपासून पासष्टीपर्यंत सगळ्यांना एकदमच सोडतात. पुढे पळणारी बाई आपल्या शर्यतीत आहे की नुसतीच आपल्या वाटेत आहे, हे तिच्या पाठीवरूनच कळतं. आणि सासूबाईंना पाठी वाचायची सवयच नव्हती. त्यांच्या काळात त्यांच्यापुढे कोणाची पाठ नसायची.

त्या दिवशी पहिली पूर्ण फेरी त्या एका पंचेचाळिशीच्या बाईमागे जिवाच्या आकांताने पळाल्या. दुसऱ्या फेरीत पाय संपले, आणि साठीच्या गटातल्या तिघी एकेक करून त्यांना मागे टाकून गेल्या. त्यांतली एक त्यांची जुनी मैत्रीण, जन्मभर टपाल वाटून निवृत्त झालेली. सासूबाई उठून बसल्यावर ती कमरेवर हात ठेवून समोर उभी राहिली.

"काय गं घाई, त्या पोरीशी वैर होतं का काही? माझ्या धाकट्या बहिणीपेक्षाही लहान आहे ती."

"तिची पाठ दिसत होती ना सारखी."

"दिसत होती तर वाचायची! अक्षरओळख आहे ना?"

सासूबाई हसल्या नाहीत. मीही नाही. मी त्यांच्या नखांचा रंग बघत होते.

डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या. पट्ट्यावर पळवलं, छातीला तारा लावल्या. "हृदय ठणठणीत आहे," ते म्हणाले. "अक्कल तपासायचं मशीन आमच्याकडे नसतं. आपल्या वेगाने धावा, दुसऱ्याच्या नको."

निवड चाचणी दोन महिन्यांवर होती. प्रत्येक गटातल्या पहिल्या दोघी संघात जाणार, बाकीच्या घरी. आणि वयाचं असं, की या वर्षी गटात सगळ्यांत तरुण असलेली बाई पुढच्या वर्षी नसते. मागून नव्या साठीच्या येतातच. सासूबाईंना हेच वर्ष हवं होतं.

नवरा म्हणाला, "आई, पुरे आता. नातवाला सांभाळायचं वय आहे तुझं."

"तो झोपलाय. सांभाळून झालं."

"मी गंमत करत नाहीये!"

"मग सुनेला विचार. तिथे ती होती, तू नव्हतास."

दोघं माझ्याकडे बघायला लागले. मी नाही म्हणणार याची नवऱ्याला खात्री होती, आणि त्याचं काही चूक नव्हतं. बाळाच्या अंघोळीचं पाणी मी कोपराने, मनगटाने आणि परत कोपराने बघते. घरातून निघताना पिशवीत प्रत्येक वस्तू दोनदा असते. शेजारीण मला 'पंचनामा' म्हणते, तोंडावर.

पण मी त्या दिवशी एक गोष्ट बघितली होती. ओठ पांढरे पडले ते शेवटी. त्याच्या बऱ्याच आधी, शेवटच्या वळणाच्याही आधी, सासूबाईंचा डावा हात छातीवर आडवा यायला लागला होता. एरवी त्यांचे दोन्ही हात रुळावरून चालल्यासारखे सरळ जातात. घाबरट माणसाला एवढी एक विद्या येते. बिघडलेलं सगळ्यांनाच दिसतं, त्याला बिघडायच्या आधीचं दिसतं. बाळाला ताप येणार हे मला थर्मामीटरच्या आधी त्याच्या कानाच्या पाळीवरून कळतं.

"धावू दे त्यांना," मी म्हटलं. "पण शेवटच्या वळणाच्या तोंडाशी मी उभी राहणार. मी हात वर केला की आई, तुम्ही थांबायचं. तिथल्या तिथे."

"पहिली असले तरी?"

"पहिल्या असलात तरी."

"धावणाऱ्याचा शब्द," त्या म्हणाल्या. "सासूचा असता तर मोडला असता."

"या घरात माझं कोणी ऐकतच नाही," नवरा म्हणाला.

"तू सांगतोस कुठे? नुसता ओरडतोस."

मग बाळासकट आम्ही तिघं रोज सकाळी मैदानावर जायला लागलो. लाल मातीचं मैदान, चुन्याच्या रेघा, एका बाजूला छापखान्याची लांब भिंत. भिंतीच्या सावलीत बाबागाडी. सासूबाईंचं शरीर कामाला लागायला वेळ लागला नाही, पायांना सगळं आठवत होतं. अडत होतं ते भलतीकडेच. कोणी पुढे गेलं की त्यांना सहन व्हायचं नाही. कॉलेजच्या मुली सरावाला येत. एखादी वेणी उडवत बाजूने गेली की सासूबाईंचा वेग आपोआप वाढायचा.

"जाऊ द्या तिला, आई!"

"अगं, पण हसत गेली ती."

"मैत्रिणीला हसली."

"मला हसली. मला कळतं."

शेवटी मी एक परीक्षा काढली. जी कोणी पुढे जाईल तिच्या पाठीवर काय होतं, ते फेरी संपल्यावर मला सांगायचं. सांगता आलं नाही तर ती फेरी धरायची नाही. पहिल्या दिवशी एकही फेरी धरली गेली नाही. सासूबाई चिडून बूट न काढताच घरी आल्या आणि जेवताना एकदम म्हणाल्या, "निळा होता. कसला तरी निळा." पण बारकावा वाचायचा तर वेग वाढवून चालत नाही, मान वर आणि डोकं थंड ठेवावं लागतं. हळूहळू उत्तरं यायला लागली. "लाल शर्ट, साबणाची जाहिरात, खांद्याची शिलाई उसवलेली." "करडा, मागे घामाचा डाग, डावा खांदा खाली टाकते, ही टिकणार नाही फार." आणि ती मुलगी खरंच पुढच्या वळणावर चालायला लागायची. मी बाळाला भरवता भरवता ऐकायचे. मला मजा यायला लागली होती, पण मी ते बोलले नाही. मजा यायला लागली की मला भीती वाटते.

चाचणीच्या सकाळी सासूबाईंनी एक केळं खाल्लं, बाकी काही नको म्हणाल्या. पाठीवरचा साठचा आकडा मी लावला. चारही पिना ओढून बघितल्या, परत ओढून बघितल्या.

"कापड फाटेल," त्या म्हणाल्या. मग, माझ्याकडे न वळता, "हात उगाच वर करू नकोस हं."

"उगाच नाही करणार."

"तुला उगाच वाटतच नाही कधी काही. तेच म्हणते मी."

सुरुवातीच्या जागेवर टपालवाली मैत्रीण पाय झटकत उभी होती. "चष्मा आणलास का गं घाई?" ती म्हणाली.

"तुझी पाठ फार वेळ बघायची नाहीये मला."

बंदूक वाजली. मी वळणाच्या तोंडाशी होते, बाळ डाव्या कडेवर, उजवा हात मोकळा ठेवलेला. पहिल्या फेरीत बायकांचा घोळका समोरून गेला आणि सासूबाई त्यात सातव्या होत्या. मी त्यांना सातवं कधी पाहिलं नव्हतं. चेहरा असा होता की जणू कोणी न विचारता त्यांच्या स्वयंपाकघरात भांडी लावतंय. पण त्या जागेवर राहिल्या. पुढच्या पाठी मी वाचल्या: दोन पंचेचाळीस, दोन पन्नास, आणि दोन साठ. साठमधली एक टपालवाली. दुसरी एक उंच बाई, शाळेत खेळ शिकवणारी, लांब टांगांची. म्हणजे आपल्या शर्यतीत सासूबाई तिसऱ्या. तिसरी म्हणजे घरी.

दुसऱ्या फेरीत समोरची सरळ वाट संपून त्या माझ्याकडे यायला लागल्या, तेव्हा उंच बाई बरीच पुढे होती. तेवढ्यात मागून हिरव्या बनियनची एक बाई जोरात आली आणि माझ्यासमोरच सासूबाईंना ओलांडून गेली. पाठीवर पन्नास. मी ओरडले, "पन्नास आहे! जाऊ द्या!"

सासूबाईंनी जाऊ दिलं नाही. त्या तिच्या मागे लागल्या.

तीच चूक, तशीच, दोन महिन्यांनी. वळणावर शिरताना त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता, तोंड उघडं, मानेच्या शिरा वर आलेल्या. माझा हात उठला. कोपरापर्यंत उठला. आणि मग मी चेहऱ्यावरून नजर काढली आणि हाताकडे बघितलं. डावा हात सरळ जात होता. पुढे, मागे, रुळावरून. खांदे खाली होते. चेहरा मरायला टेकलेल्या माणसाचा आणि हात मशीनचे. चेहरा काय, चेहरा तर नातेवाइकांना घाबरवायलाच असतो.

मी हात खाली घेतला. बाळाचा पाय धरला, घट्ट.

पुढचं मला मागून दिसलं. हिरवी बाई वेगात होती आणि सासूबाई तिच्या खांद्यामागे चिकटल्या होत्या, वासरू गाईला चिकटतं तशा. हिरव्या बाईने उंच बाईला ओलांडलं, बाहेरून. तिच्या मागोमाग, त्याच बाजूने, सासूबाईंनीही ओलांडलं. मग त्यांनी हिरवीला खुशाल सोडून दिलं. टपालवाली पुढे राहिली, पण दुसरा साठ आता आमचा होता.

मी पोचले तेव्हा त्या गुडघ्यांवर हात टेकून उभ्या होत्या. उभ्या होत्या हे मी आधी बघितलं. ओठ, नखं, मग डोळे. डोळे मला बघत होते.

"ऐकू आलं नाही का तुम्हाला? पन्नास होती ती!"

"वाचलं मी," त्या धापा टाकत म्हणाल्या. "तू ओरडायच्या आधीच वाचलं. आपली नव्हती. पण ओढायला झकास होती. त्या लांब टांगेपर्यंत... फुकट पोचवलं तिने."

"मी हात वर करणार होते."

"दिसलं. अर्धा केला होतास." त्यांनी श्वास घेतला. "शब्द दिला होता. पूर्ण केला असतास तर थांबले असते. शिव्या दिल्या असत्या जन्मभर, पण थांबले असते."

टपालवाली पाण्याची बाटली घेऊन आली. "संघात एकाच खोलीत टाकतील आपल्याला," ती म्हणाली. "घोरतेस अजून?"

"तू कुठे झोपू देतेस घोरायला?"

हिरव्या बनियनची बाई तिकडूनच ओरडली, "काकू, काय फुसफुसत होतात मागे! मला वाटलं इंजिन लागलंय, घाबरून पळाले मी."

"तशीच पळत जा," सासूबाई म्हणाल्या, आणि पहिल्यांदा हसल्या. मग गवतावर बसल्या, आपल्या मर्जीने, आणि पाय पसरले. मुख्य स्पर्धेत एकाच दिवसात दोनदा धावायचं असतं म्हणे, आधी पात्रतेसाठी आणि मग अंतिम. दोन्ही वेळा वळणाशी कोणीतरी लागेल, असं त्या टपालवालीला सांगत होत्या. माझ्याकडे बघून नाही, पण मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात.

"प्रवास लांबचा आहे," मी म्हटलं. "बाळाचं पाणी, दूध, औषधं..."

"दोन-दोन घे सगळं. तुझ्या पिशवीत मावतं."

तेव्हा मी बाळाकडे बघितलं. दोन्ही फेऱ्यांत मी त्याच्याकडे एकदाही बघितलं नव्हतं. एक मोजा कुठेतरी पडला होता, टोपी एका डोळ्यावर आली होती, आणि माझ्या ओढणीचं टोक तोंडात घालून तो शांतपणे चघळत होता. ओढणी धुतलेली नव्हती. मी ती त्याच्या तोंडातून काढली, टोपी नीट केली आणि मोजा शोधायला मैदानाच्या पलीकडे निघाले.