कुबड्याचा घास

श्रीधर नंदनवारांनी मेलेला मासा चहाच्या गाळणीत उचलला आणि खिडकीच्या उजेडात नेला. उलटापालटा करून पाहिला, कल्ले उघडून पाहिले, मग कापड तपासायचं जुनं भिंग डोळ्याला लावून पुन्हा एकदा पाहिला. चावल्याची खूण नव्हती, डाग नव्हता, बुरशी नव्हती. आठवड्याभरातला हा तिसरा.

"ती गाळणी चहाची हाये न," मैनाबाई स्वयंपाकघराच्या दारातून नवऱ्याला म्हणाल्या.

"होती," श्रीधरराव म्हणाले. "हा आपल्या मौतीनं नाही मेला. कोणीतरी घात करून राहिलं."

"माशाचा घात? मंग पोलिसात जा, रपट लिहा."

मैनाबाईंना थट्टा सुचत होती. श्रीधररावांना मात्र घरातल्या घरात कोणीतरी नजर चुकवून वावरतंय याची खात्री पटत चालली होती, आणि त्यांची एकदा खात्री पटली की ती काढणं ब्रह्मदेवालाही जमलं नसतं.

तांडापेठेतल्या विणकराच्या घरात जन्मूनही हा माणूस मागावर कधी बसला नाही. विणकरांच्या सोसायटीत त्यांनी तीस वर्षं कापड तपासलं. टेबलावरून थान सरकत जायचं आणि जिथं धागा तुटला, जिथं वीण विरळ झाली, तिथं काठाला लाल दोऱ्याची गाठ पडायची. गाठी जास्त झाल्या की थान परत. सख्ख्या मेव्हण्याचं थानही त्यांनी दोनदा परत केलं होतं आणि त्यावरून मैनाबाई एक अख्खी दिवाळी अबोल होत्या. नोकरी संपली तरी डोळा काही निवृत्त झाला नाही. शेजाऱ्याच्या भिंतीचं प्लास्टर, लग्नपत्रिकेची छपाई, सुनेची पोळी, सगळ्यांत त्यांना पहिल्या नजरेला दोष दिसायचा, आणि दिसला की ते तो बोलूनही दाखवायचे.

अशा माणसाला व्यंगाचे मासे पाळायची हौस लागावी हे नवलच. चार वर्षांपूर्वी सक्करदऱ्याच्या विक्कीच्या दुकानात त्यांनी पाठीत बाक असलेली एक गुरामी मासोळी पाहिली. विक्की ती बादलीत टाकत होता. "गिऱ्हाईक घेत नाही काका, फेकाचाच माल हाये," तो म्हणाला. तीस वर्षं सदोष माल परत धाडणाऱ्या श्रीधररावांनी तो मासा पिशवीत भरून घरी आणला. का आणला हे त्यांनाही सांगता आलं नसतं. तोच कुबड्या. मग एका डोळ्याची काणी आली, जबडा न मिटणारा बोंबल्या आला, बिनशेपटीच्या दोन मॉली आल्या, एकच पर असलेली एंजल आली. चार फुटांच्या काचेच्या टाकीत डझनभर धडधाकट मासे आणि त्यांच्यात हे सहा. मैनाबाई टाकीला इस्पितळ म्हणायच्या.

आता मेलेले तिघंही ह्या सहांतलेच होते. धडधाकटांपैकी एकाचंही खवलं हललं नव्हतं. संशय यायला एवढं पुरेसं नाही का?

आणि संशय कोणावर, हेही श्रीधररावांच्या मनात ठरल्यात जमा होतं. सून काजल. उमरेडची मुलगी, सहावा महिना लागलेला. मुलगा भूपेश मौद्याच्या वीज केंद्रात कामाला, त्याचा अर्धा दिवस बसमध्ये जायचा. सुनेला दिवस गेल्याचं कळलं त्याच आठवड्यात मैनाबाईंनी टाकीवर जुनी चादर टाकली होती. "पोटुशी बाईच्या नजरेसमोर असं वाकडंतिकडं नको," त्या म्हणाल्या होत्या. काजल त्यावर काहीच बोलली नव्हती. काही न बोलणारं माणूस श्रीधररावांना कधीच आवडलं नाही. जे बोलत नाही ते करून मोकळं होतं, असं त्यांचं मत होतं.

एकेक गोष्ट त्यांच्या डोळ्यांत भरू लागली. डावीकडे खोचलेलं चादरीचं टोक चार वाजता उजवीकडे असायचं. स्वयंपाकघरातलं प्लास्टिकचं स्टूल टाकीपाशी आलेलं असायचं. परवा तर काजलच्या गाऊनची बाही कोपरापर्यंत ओली होती. "भांडे घासत होती बाबा," ती म्हणाली, आणि भांडी घासणारी तुळसाबाई तर तासाभरापूर्वीच येऊन गेली होती. त्यातच काल गच्चीच्या जिन्यावर त्यांना तिचं फोनवरचं बोलणं ऐकू आलं.

"दोन गेले आई. आता चारच रायले. नाही वं, इथं कोणालेच समजलं नाही अजून."

श्रीधररावांचे पाय पायरीवरच थांबले. आई म्हणजे उमरेडची विहीणबाई. म्हणजे सल्ला तिकडून येत होता. व्यंगाची नजर पोटातल्या बाळाला लागू नये म्हणून एकेक मासा निकालात काढायचा, गाजावाजा न करता. त्यांना राग आला, आणि रागापेक्षा जास्त वाईट वाटलं. नातवंड हवं होतं, त्यांनाही हवं होतं. पण त्यासाठी मुक्या जिवांचा बळी कशाला?

तिसरा मासा गेला त्याच सकाळी ते बाटलीत टाकीचं पाणी भरून विक्कीकडे गेले. विक्कीने नळीत पाणी घेतलं, वरून औषधाचे थेंब टाकले. पाणी गर्द हिरवं झालं.

"अमोनिया चढला काका. आतमदी काहीतरी सडून राहिलं, नाहीतर कोणी काही टाकून राहिलं."

"टाकून राहिलं न?" श्रीधररावांनी वाक्याचा हवा तेवढाच तुकडा उचलला. "मले म्हाईतच होतं."

घरी येऊन त्यांनी आपल्या धंद्यातली युक्ती केली. लाल दोऱ्याचा एक बारीक तुकडा चादरीच्या टोकापासून टाकीच्या झाकणापर्यंत असा बांधला की तपासनिसाशिवाय कोणाला दिसू नये. जेवण झालं. मैनाबाई शेजारी पापड लाटायला गेल्या. श्रीधरराव खाटेवर आडवे झाले, घोरल्यासारखा आवाज काढत राहिले. अडीचच्या सुमारास स्टूल सरकल्याचा आवाज आला. ते अनवाणी उठले.

चादर बाजूला होती, दोरा तुटला होता. काजल स्टुलावर बसून टाकीत हात घालून होती.

"काय टाकून राहिली वं पाण्यात?"

विणकरांना दरडावायचा तो जुना आवाज होता. काजल दचकली, स्टूल डुगडुगलं, आणि श्रीधररावांनीच धावून तिचं कोपर धरलं. क्षणभर दोघंही घाबरली.

"मूठ उघड."

तिने मूठ उघडली. तळहातावर भिजलेले चार दाणे होते. त्यांनी ते चिमटीत चुरडले, नाकाशी नेले. त्यांच्याच डब्यातलं माशांचं खाणं.

"तुमी दहा वाजता टाकता न बाबा, तवा हे धडके सगळं खाऊन टाकते," काजल म्हणाली. "ह्या वाकड्यायले एक दाणा भेटत नाही. मी रोज पायत होती. म्हणून तुमी झोपले का मी यायले हातानं देतो. कुबड्या आधी येत नव्हता. आता येते."

"मंग हे चोरून काहून?"

"इथल्या आई पाहू देत नाही." तिने ओला हात गाऊनला पुसला. "बाबा, मोठ्या सोनोग्राफीत दिसलं. बाळाचा एक पाय आतमदी वळला हाये. डॉक्टर म्हणते, जन्मल्यावर प्लास्टर करून सरळ होते. तुमच्या पोराले सांगतलं मी. इथल्या आईले नाही सांगतलं. त्या म्हणतीन, माशायकडं पाह्यलं म्हणून झालं."

श्रीधररावांनी बोटांना लागलेला चुरा झटकला.

"मी ह्या कुबड्याकडं पाहून राहिली बाबा. एवढा वाकडा हाये, तरी बराबर येते, खाते, फिरते. मले बरं वाटते. उमरेडले आईले रोज सांगतो, आज यानं खाल्लं का नाही ते."

तिच्या बोलण्यातलं शेवटचं त्यांना अर्धवटच ऐकू आलं, कारण त्यांच्या मनात वेगळाच हिशोब जुळत होता. धडधाकट मासे ह्या सहांना खाऊ देत नाहीत हे त्यांना चार वर्षांपासून ठाऊक होतं. म्हणून रोज सकाळी सात वाजता, मैनाबाई आंघोळीला गेल्या की, ते औषधाच्या ड्रॉपरने एकेकाच्या तोंडाशी घास सोडत. हे त्यांनी कोणाला कळू दिलं नव्हतं. कळलं असतं तर मैनाबाईंनी विचारलं असतं की भूपेशच्या तोंडी असा घास कधी घातला होता का, आणि तो त्यांनी कधीच घातला नव्हता. म्हणजे ह्या सहांना सकाळी त्यांचा घास, आणि दुपारी पुन्हा काजलचा. पोट भरलेला मासा किती खाणार? त्यांनी वाकून टाकीच्या तळाशी पाहिलं. लाकडाच्या ओंडक्यामागे सांडलेल्या दाण्यांवर पांढरा बुळबुळीत थर चढला होता. सडलं ते हे. पाणी बिघडलं आणि मुळातच अशक्त असलेले आधी गेले.

घात करणारे दोन हात होते, आणि त्यांतला एक त्यांचा होता.

"पण बाबा," काजलचा आवाज बारीक झाला, "इतकं जपून खाऊ घालतो, तरी मरून काहून राहिले? माझ्या हातानं तर काही झालं नाही न?"

तीस वर्षांत श्रीधररावांनी दिसलेला दोष कधी लपवला नव्हता. दोष ज्याचा त्याला तोंडावर सांगायचा, त्यातच त्याचं भलं असतं, यावर त्यांचा विश्वास होता. आता समोर ही मुलगी एक हात पोटावर ठेवून बसली होती आणि उत्तर माशांबद्दलचं मागत नव्हती.

"तुह्या हाताचं काही नाही," ते म्हणाले. "पाणी मी बदललं नाही. आठ दिवसाले बदलाचं असते. महिना झाला, माह्या ध्यानातच नाही रायलं."

रविवारीच त्यांनी पाणी बदललं होतं.

मैनाबाई नेमक्या तेव्हाच दारात आल्या आणि शेवटचं तेवढं त्यांनी ऐकलं.

"म्हणजे तुमीच मारले?" त्यांनी हातातली पापडाची परात खाली ठेवली. "अन् सकाळपासून घात घात करून राहिले? जगाचे दोष काढाले भिंग लागते, अन् सोताचं काही दिसत नाही."

"हो," श्रीधरराव म्हणाले. "मीच."

मैनाबाईंनी एवढ्यावर सोडलं नाही. मेव्हण्याचं थान निघालं, ती अबोल दिवाळी निघाली. श्रीधरराव ऐकत राहिले. बोलता बोलता मैनाबाईंनी टाकीवर पुन्हा टाकायला चादर उचलली, तेव्हा मात्र त्यांनी ती हातातून काढून घेतली.

"राहू दे उघडी. पाहू दे तिले."

"अवो, पण..."

"पाहू दे म्हणलं न."

त्यांचा स्वर वेगळा होता, म्हणून असेल, मैनाबाई परात उचलून आत गेल्या.

"दुपारी तूच देत जा," ते काजलला म्हणाले. "पण एकेका माशाले दोनच दाणे. तिसरा नाही. अन् त्यानं खाल्ला का नाही, ते पाहून मंगच उठ."

"अन् सकाळी?"

"सकाळी कोणी देत नाही यायले."

मग त्यांनी बादली आणि रबरी नळी आणली, पाट घेतला आणि टाकीचा तळ साफ करायला बसले. नळीतून गढूळ पाणी बादलीत पडू लागलं. काजल जवळच भिंतीला टेकून उभी होती. बराच वेळ ती सासऱ्यांच्या वाकलेल्या मानेकडे पाहत राहिली.

"होते बाबा एखाद्या टायमाले," ती हळूच म्हणाली. "चुकते माणूस. मनाले लावून नका घेऊ."

"हो," श्रीधरराव म्हणाले, आणि बादली भरेपर्यंत त्यांनी मान वर केली नाही.