काळ्या खडकापासून चौसष्ट पावलं

मास्तरांनी काठी वाळूत रोवली, तिच्या डोक्यावर तळहाताने दोनदा थोपटलं आणि म्हणाले, "झालं. इथून खाली समुद्राचं, इथून वर आपलं."

मागे उभ्या असलेल्या सातजणांना हे वाक्य पाठ होतं. दातांच्या डॉक्टरांनी टाळ्या वाजवल्या. त्याही दरवर्षीच्याच. होडीवाला नऊला त्यांना उतरवून परत गेला होता आणि उद्या दहाला न्यायला येणार होता. तोवर बेटावर ही आठ माणसं, चार तंबू, पाण्याचे सहा कॅन आणि एक रॉकेलचा स्टोव्ह. बेटाला धक्का नव्हता, विहीर नव्हती, सावलीसाठी बांधलेलं काहीही नव्हतं. वाळूची एक पट्टी, तिच्यामागे झुडपं, झुडपांमागे टेकाड, आणि पट्टीच्या खालच्या टोकाला एक काळा खडक.

मास्तरांची मुलगी काठीकडे बघत नव्हती. ती वाळूकडे बघत होती. शिकायला बाहेरगावी होती म्हणून गेली चार वर्षं तिची ही सहल चुकली होती. आता ती माती तपासणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला होती आणि जमिनीवर जे काही साचतं, थर धरतं, ते न बघता पुढे जाणं तिला जमत नसे. किनाऱ्यावर शेवाळाच्या दोन ओळी होत्या. खालची आज सकाळच्या भरतीने ठेवलेली, ओली, हिरवट. वरची पंधरा दिवसांपूर्वीच्या उधाणाची, वाळून काळी पडलेली, बोटाने चिरडली तर भुगा होणारी. तिच्यात बाटल्यांची झाकणं आणि रबरी चपलेचा एक पट्टा अडकला होता.

काठी या दोन ओळींच्या मध्ये होती.

मास्तर निवृत्त होईपर्यंत शाळेत भूगोल शिकवत. दिवसाच्या दोन भरत्या म्हणजे जुळ्या बहिणी नव्हेत, असं ते सांगायचे. या किनाऱ्यावर थंडीच्या दिवसांत सकाळच्या भरतीपेक्षा संध्याकाळची बरीच वर चढते आणि पौर्णिमेला तर विचारायलाच नको. म्हणून ओली ओळ बघायची नाही. वाळलेली बघायची आणि तिच्यापासून दहा पावलं वर जायचं. मुलीने हे सातव्या वर्षी याच वाळूवर ऐकलं होतं. आज थंडी होती, पौर्णिमा होती, आणि मास्तरांनी दहा पावलं ओल्या ओळीपासून मोजली होती.

ती जवळ गेली. हळू आवाजात विचारलं, "बाबा, वाळलेल्या ओळीपासून ना?"

"मग कुठून?" मास्तर म्हणाले. आवाजात किंचित धार होती. मग ते खाली काळ्या खडकापर्यंत गेले, तिथून काठीपर्यंत ओठ हलवत पावलं मोजत आले आणि खिशातली निळ्या पुठ्ठ्याची वही काढून त्यांनी आकडा लिहिला.

त्या वहीत काय असतं, ते कोणी विचारत नसे. काठीला हात लावायचा नाही, हाही असाच एक अलिखित नियम होता. एका वर्षी वायरमनने, जो मास्तरांचाच जुना विद्यार्थी होता, ओला शर्ट काठीवर वाळत घातला आणि पुढची दोन वर्षं त्याला त्याबद्दल ऐकून घ्यावं लागलं. एकोणीस वर्षांत एकदाही कोणाचा तंबू भिजला नव्हता. पोस्टातल्या मावशी तर म्हणायच्या की नवऱ्यावर ठेवला नाही एवढा विश्वास त्यांनी या काठीवर ठेवलाय.

तंबू जेवणानंतर ठोकायचे असत. आधी सरपण, सावली, चूल. माणसं पांगली.

मुलीने पाण्याचा एक कॅन उचलला आणि झुडपांकडे चालू लागली. हिशेब सरळ होता. पाणी पावणेसातच्या सुमाराला सर्वांत वर येणार. काठी आहे तिथेच राहिली तर निदान दोन तंबू भिजतील. कोणी बुडणार नाही, कोणाला इजा होणार नाही. पण सातजण ते बघतील, आणि त्यांतली एक आई असेल.

आईने बघावं, हेच तर तिला दोन महिने हवं होतं. बाबा बसमधून दोन थांबे आधी उतरले होते. एकाच जेवणात तोच प्रश्न तीनदा विचारत होते. तिला हाक मारताना आत्याचं नाव घेत होते. तिने मेंदूच्या डॉक्टरांकडे सोमवारी अकराची वेळ घेतली होती आणि ते फक्त आईला सांगितलं होतं, स्वयंपाकघरात, दार लोटून. आई कणीक मळता मळता म्हणाली होती की साठी उलटली की सगळेच विसरतात, मुलीच्या प्रयोगशाळेत माती तपासायची कमी पडली असेल तर कुंडीतली न्यावी, माणसं नेऊ नयेत. आणि ह्यांच्याकडे एक अक्षर बोलायचं नाही. सोमवार तीन दिवसांवर होता.

म्हणजे काही करायची गरजच नव्हती. काठी तशीच राहू द्यायची. पुराव्याला पुरावा झाला असता.

तिने कॅन सावलीत ठेवला. पलीकडे एका झाडाखाली मास्तर तोंडावर टोपी ठेवून आडवे झाले होते. टोपी श्वासाबरोबर हलत होती. दातांच्या डॉक्टरांनी टाळी वाजवली तेव्हा बाबांनी मान कशी खाली झुकवली होती, शाळेतल्या मुलाने बक्षीस घेताना झुकवावी तशी, ते तिला आठवलं. मग तिने चपला काढून हातात घेतल्या आणि ती काठीकडे निघाली.

काठी जागेवर नव्हती.

ती वर होती, जिथे जांभळ्या फुलांची मर्यादवेल पसरायला सुरुवात होते तिथे. वाळलेल्या ओळीच्याही बरीच वर. मुलगी आधीच्या जागेपाशी वाकली. भोक बुजवलेलं होतं आणि वाळू तळहाताने सारखी केलेली होती. चार बोटांच्या चार रेषा स्पष्ट दिसत होत्या.

आई तीन दगडांच्या चुलीपाशी तांदूळ धूत होती. तिच्या नखांत ओली वाळू होती.

"आई."

"मिठाची बरणी कुठल्या पिशवीत आहे?"

"काठी तू हलवलीस."

आईने तांदळाचं पाणी बाजूला ओतलं. "हळू बोल. ते झोपत नाहीत, नुसते डोळे मिटतात."

मुलगी शेजारी उकिडवी बसली. तिने विचारलं, गेल्या वर्षी? आईने मान डोलावली. त्याच्या आधीच्या? तेव्हा थोडीशीच हलवावी लागली होती, आई म्हणाली, वाऱ्याने हलली असती तर हलली असती तेवढीच.

"आणि मला म्हणालीस की सगळेच विसरतात."

"म्हणाले." आईने पातेलं दगडांवर टेकवलं, ते डुगडुगलं तशी एका दगडाखाली चपटी खापरी सरकवली. "तू कागद आणणार. त्यावर त्या दुखण्याचं नाव असणार. नाव घरात आलं की ते सगळ्यांच्या आधी ह्यांनाच ऐकू जाईल. आत्ता निदान कोणी ते नाव घेत नाही."

मुलीने दुसरंच विचारलं.

"नेमकी कुठे रोवायची, हे तुला कसं कळतं? मोजत तर नाहीस तू."

"एकोणीस वर्षं त्या काठीच्या वरच्या अंगाला चूल मांडतेय," आई म्हणाली. "पायाला कळतं. मीठ बघ आता."

जेवणानंतर तंबू ठोकले गेले. चारही, काठीच्या वर. पोस्टातल्या मावशी हात धुवायला पाण्याकडे निघाल्या आणि अर्ध्या वाटेत थांबून म्हणाल्या की यंदा समुद्र लांब गेल्यासारखा वाटतोय. दातांचे डॉक्टर म्हणाले की समुद्र तिथेच आहे, लांब गेलेत ते मावशींचे गुडघे. सगळे हसले. मास्तर टोपी नीट करत उभे होते. त्यांनी काठीकडे पाहिलं, मग तंबूची दोरी ताणणाऱ्या आईकडे, आणि वायरमनला विचारलं की खुंट्या पुरतील ना.

संध्याकाळी सगळे चटया घेऊन काठीपाशी जमले. पाणी चढताना बघायचं, हा सहलीचा मुख्य कार्यक्रम. पहिली अर्धी वाट पाणी भरभर आलं, मग सावकाश. सहा वाजून बावीस मिनिटांनी त्याने चार बोटांच्या रेषा असलेली जागा ओलांडली. मुलीने घड्याळात पाहिलं म्हणून तिला ते माहीत होतं. बाकी कोणाच्या लेखी तिथे काही नव्हतं. वाळलेलं शेवाळ उचललं गेलं, थोडं तरंगलं, वर सरकलं. सात वाजायला आले तेव्हा शेवटची लाट काठीपासून चार हातांवर आली, फेस सोडून मागे गेली, आणि तिच्यानंतरची तिथवर पोचली नाही.

"मास्तर," दातांचे डॉक्टर म्हणाले, "या समुद्राचं नावही हजेरीपटात घालून टाका. आपल्यापेक्षा जास्त ऐकतो तुमचं."

मास्तरांनी टोपी काढून वाकून नमस्कार केला. आई कपांत चहा गाळत होती. तिने मान वर केली नाही.

सकाळी मुलगी तंबूतून बाहेर आली तेव्हा मास्तर काळ्या खडकाला टेकून तिची वाट बघत होते. पाणी उतरलं होतं, वाळू गुळगुळीत होती, आणि तिच्यावर फक्त त्यांच्या येण्याच्या पावलांची एक ओळ होती.

"मी चालतो," ते म्हणाले. "तू मागून ये आणि मोज. हल्ली मध्येच आकडा सुटतो."

ते चालले. ती त्यांच्या पावलावर पाऊल ठेवत मोजत आली. वर जाताना ते एकदाही थांबले नाहीत. काठीपाशी पोचल्यावर त्यांनी वळून पाहिलं.

"चौसष्ट," ती म्हणाली.

त्यांनी निळी वही उघडून तिच्या हातात दिली. पानावर वर्षं एकाखाली एक लिहिली होती, प्रत्येकापुढे एक आकडा. त्रेसष्ट, पासष्ट, चौसष्ट, बासष्ट. सोळा वर्षं तसंच. मग पट्टीने आखलेली एक उभी रेघ सुरू होत होती आणि तिथून प्रत्येक वर्षापुढे दोन आकडे होते. साठ, आणि रेघेपलीकडे चौसष्ट. छप्पन्न, आणि पासष्ट. शेवटच्या ओळीत सत्तेचाळीस होतं. रेघेपलीकडची जागा रिकामी होती.

"लिही," मास्तर म्हणाले.

तिने चौसष्ट लिहिलं. पेन्सिल कागदावरच राहिली.

"हा दुसरा रकाना कोणाचा?"

मास्तरांनी तंबूंकडे पाहिलं. आई स्टोव्हला पंप मारत होती, एक हात कमरेवर ठेवून. "ज्याचं बरोबर येतं त्याचा."

मुलीची नजर दोन्ही रकान्यांवरून तीनदा खाली-वर गेली.

"वजाबाकी केलीस?"

"हो."

"चार, नऊ, सतरा," ते म्हणाले. वर्गात फळ्याकडे पाठ करून उभे राहायचे तसे ते समुद्राकडे पाठ करून उभे होते. "तीन आकड्यांवरून काही ठरवू नये, मला माहीत आहे. पण डॉक्टरांना तोंडी सांगण्यापेक्षा हे बरं. सोमवारी वही बरोबर घे."

तिने मान वर केली.

"आईने सांगितलं?"

"ती कशाला सांगेल. आपल्या स्वयंपाकघराचं दार पूर्ण लागत नाही. तू दहावीत होतीस तेव्हापासून त्याला रंधा मारायचा राहिलाय."

त्यांनी वही परत घेतली, मिटली, मग काहीतरी आठवून पुन्हा तिच्या हातात दिली. "तूच ठेव. माझ्याकडे राहिली तर कुठे ठेवली ते शोधावं लागेल." आणि दोन पावलं गेल्यावर, मागे न बघता, "तिला दाखवू नकोस मात्र. कळलं की पुढच्या वर्षी काठी हलवायला तिचा हात धजायचा नाही."

दहाला होडी आली. कॅन, तंबू, चटया, आधी सामान आणि मग माणसं. मावशींना दोघांनी धरून चढवलं आणि गुडघ्यांवरून पुन्हा एक विनोद झाला. आई होडीच्या काठाशी गुडघाभर पाण्यात उभी होती, पिशव्या आत देत. शेवटची पिशवी दिल्यावर तिने किनाऱ्यावर नजर टाकली.

"अहो, काठी राहिली."

"कुठे आहे?" मास्तरांनी विचारलं.

"तुम्ही रोवलीत तिथेच."

"हो," ते म्हणाले. "दिसली."

ते वर गेले. वेलीपाशी वाकून त्यांनी काठी उपसली, बगलेत धरली आणि खाली बसले. होडीतल्या सगळ्यांना वाटलं की चपलेत खडा गेला असेल. मुलीला तिथून दिसत होतं. त्यांनी भोक बुजवलं आणि तळहात वाळूवरून एकदा सावकाश फिरवला.